सिव्ह सिक्स: पहिल्या ५० टर्नमध्ये प्रॉडक्शन कशावर घालायचं? माझी दोनच शहरं होऊलालेत

अनगोळ_नाका

नमस्कार मंडळी, बेळगावातनं लिहूलालो. इथं स्ट्रॅटेजी गेमवाले बरेच जण दिसले म्हणून विचारतो. सिव्हिलायझेशन सिक्स खेळूलालो, म्हणजे पाळीपाळीनं (टर्ननं) खेळत एका शहरापासनं राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम, २०२० च्या मे महिन्यात एपिकच्या गेम स्टोअरवर फुकट दिलेलं बघा, तेव्हा घेऊन ठेवलेलं, म्हणजे नुसता बेस गेम आहे, एक्स्पान्शन एकपण नाही. व्हीटीयूची (इंजिनिअरिंगची) परीक्षा संपली, आता जरा मोकळा आहे तर नीट शिकायचं ठरवलंय.

तर प्रिन्स लेवल, स्टँडर्ड स्पीड, इंडिया घेऊन खेळतो. माझी ऑर्डर अशी असते की पहिला वॉरियर (सैनिक), मग मॉन्युमेंट, बिल्डर (जमीन सुधारणारा कामगार), मग जवळ दगड असला की स्टोनहेंज, मग ग्रॅनरी (धान्याचं कोठार) आणि मग पहिला सेटलर (नवं शहर वसवणारा). ५० व्या टर्नला बघितलं तर माझी दोन शहरं आणि शेजारी रोमचा ट्राजन चार शहरं घेऊन बसलेला, चांगल्या नदीकाठच्या जागा सगळ्या त्यानंच धरलेल्या असतात. माझ्या राजधानीत फूड बक्कळ आहे पण प्रॉडक्शन (दर टर्नला शहर जेवढं काम करतं ते) ४ च्या वर जातच नाही, कुठलीबी गोष्ट करायला घेतली की १५-२० टर्न दाखवतं, आणि तेवढ्यात बार्बेरियन (कुठल्याच राज्याचे नसलेले लुटारू) येऊन बिल्डर उचलून नेतात ते वेगळंच.

रूम पार्टनर मोबाईलवर अनसिव्ह नावाचा तसलाच गेम खेळतो, तो म्हणतो आधी एक शहर दणकट कर, बाकीची मागनं. यूट्यूबवर बघितलं तर सगळे भराभर सेटलर काढायलेत. नक्की काय करायचं आणि का, हे कुणीतरी समजावून सांगा. नुसतं हे कर ते कर नको, त्यामागचा हिशोब पाहिजे.

निपाणी_हेक्स

हिशोबच पाहिजे म्हणालास ते बरं केलंस, कारण ह्या गेममध्ये सुरुवातीला बाकी सगळं बाजूला, सगळा खेळ प्रॉडक्शनचा आहे.

स्टोनहेंजला १८० प्रॉडक्शन लागतं. पहिला सेटलर ८० चा, दुसरा ११० चा, दोन्ही मिळून १९०. म्हणजे एका स्टोनहेंजच्या भावात जवळजवळ दोन शहरं येतात. आता स्टोनहेंज तुला काय देतं तर एक ग्रेट प्रॉफेट (धर्म स्थापन करणारा) आणि थोडा फेथ (धर्माचे गुण). धर्माच्या मार्गानं जिंकायचं असेल तर त्याला अर्थ आहे, नाहीतर तुझ्या ४ प्रॉडक्शननं ४५ टर्न तू एका जागी थांबून राहतोस. आणि शहर काय देतं बघ. स्वतःची जमीन, स्वतःचं फूड, स्वतःचं प्रॉडक्शन, आणि ते शहर दहा-पंधरा टर्ननी स्वतःच काहीतरी काढायला लागतं. दोन ठिकाणी काम चालू झालं की पुढचा सेटलर निम्म्या वेळात येतो, मग तिसरं शहर, मग चौथं. बियाण्याला ठेवलेली ज्वारी दळून खायची नसते, ती आधी पेरायची. सुरुवातीचं प्रॉडक्शन म्हणजे तुझं बियाणं आहे.

दुसरी गोष्ट, सेटलर उशीरा काढला तर तो स्वस्त होत नाही. प्रत्येक सेटलरमागं पुढच्याची किंमत ३० नं वाढते, ती तू २० व्या टर्नला काढ नाहीतर ७० व्या टर्नला काढ, चढ तेवढाच. पण जागा मात्र ७० व्या टर्नपर्यंत थांबत नाहीत. ट्राजन काय तुझी वाट बघत बसणार नाही.

माझी ऑर्डर सांगतो, गेली कित्येक वर्षं हीच आहे: स्काउट (टेहळ्या), स्लिंगर (गोफणवाला), सेटलर, बिल्डर, सेटलर. मधे बार्बेरियन फार झाले तर अजून एक स्लिंगर. स्काउट ३० चा, स्लिंगर ३५ चा, दोन्ही हलके आहेत, आणि तोवर राजधानीची लोकसंख्या २ होते. २ झाल्याशिवाय सेटलर काढताच येत नाही आणि काढला की एक माणूस कमी होतो, म्हणून त्याआधीचा वेळ ह्या हलक्या गोष्टींवर घालायचा. मॉन्युमेंट ६० चं आहे, वाईट नाही, पण पहिल्या सेटलरच्या आधी नको. ग्रॅनरी ६५ ची, ती तर अजिबात नको. ग्रॅनरी घरं देते, आणि नदीकाठच्या शहराला गोड्या पाण्याची ५ आणि राजधानी असेल तर पॅलेसचं १ असं ६ हाऊसिंग (म्हणजे माणसांना राहायची जागा) आधीच आहे. लोकसंख्या ३ असताना घरं बांधून काय करणार?

हाऊसिंगचं एवढं लक्षात ठेव की एकच जागा उरली की वाढ निम्म्यावर येते, आणि भरलं की पाव. म्हणजे राजधानी ५ ला पोचायला लागली की मग ग्रॅनरीचा विचार. तोवर ती रांगेत शेवटी.

आणि शहर कुठं वसवायचं. जमलं तर प्लेन्स हिलवर (मैदानी टेकडीवर) वसव. कुठल्याही शहराच्या मधल्या टाइलला (नकाशावरच्या षटकोनी तुकड्याला) कमीत कमी २ फूड १ प्रॉडक्शन मिळतंच, पण प्लेन्स हिलवर वसवलं तर २ फूड २ प्रॉडक्शन मिळतं. एकानं काय फरक पडतो असं वाटेल, पण पहिल्या टर्नपासनं शेवटच्या टर्नपर्यंत तो एक येत राहतो आणि सुरुवातीला ४ चं ५ होणं म्हणजे लहान गोष्ट नव्हे. फक्त त्यासाठी नदी सोडून लांब जाऊ नको, पाणी नसलेल्या जागेला २ च हाऊसिंग मिळतं, समुद्राकाठी ३.

शहापूर_लूम

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी एकच जोडतो, झाडं तोड. मायनिंगचं तंत्रज्ञान आलं की बिल्डरनं जंगल तोडता येतं आणि सुरुवातीला एका जंगलाचे साधारण २० प्रॉडक्शन त्याच क्षणी शहरात पडतात. तुझं प्रॉडक्शन ४ म्हणतोस, म्हणजे एक तोड म्हणजे पाच टर्नचं काम. बिल्डरला ३ चार्जेस असतात, तिन्ही तोडीवर घातले तर ६० प्रॉडक्शन आणि बिल्डर ५० चा. सेटलर चालू असताना तोड, बघ कसा बाहेर येतो ते.

निपाणी_हेक्स

लूम, तुझं बरोबर आहे पण सरसकट नको सांगू रे. प्लेन्स हिलवरचं जंगल म्हणजे १ फूड ३ प्रॉडक्शन, अशी टाइल सुरुवातीला सोन्यासारखी. ती तोडून २० घेतलेस तर एक प्रॉडक्शन कायमचं गेलं, आणि तिथं माणूस कामाला असेल तर वीस टर्नमध्ये तो फायदा फिटला. तोडायचं ते सपाट गवतावरचं जंगल, ज्याच्यावर कोणी काम करत नाही, नाहीतर जिथं पुढं डिस्ट्रिक्ट (शहराचा एका कामाला वाहिलेला भाग) बांधायचा आहे तिथलं, कारण डिस्ट्रिक्ट ठेवला की जंगल तसंही जाणारच आणि त्याचं काही मिळणार नाही.

शहापूर_लूम

काका तुमचा मुद्दा मान्य, पण वीस टर्न म्हणजे किती हो, तेवढ्या टर्नमध्ये जागा गेली तर त्या एक प्रॉडक्शनला काय करायचं. शेजारी ट्राजन आहे हे विसरू नका, त्याच्याशी शर्यत आहे. शर्यत असेल तर मी हिलवरचं पण तोडतो आणि तिथं माइन काढतो, माइननं एक प्रॉडक्शन परत येतंच की. शेजारी कोणी नसेल, बेटावर एकटाच असशील, तर मग तुम्ही म्हणता तसं.

निपाणी_हेक्स

माइन काढणार असशील तर हरकत नाही, पण त्यात बिल्डरचे दोन चार्ज गेले, एक तोडीला एक माइनला. तेवढं धरून हिशोब कर.

चिकोडी_टू_पुणे

मूळचा चिकोडीचा, आता पुण्यात असतो. मला सेटलरपेक्षा बार्बेरियनवर बोलायचंय, कारण सेटलर काढून मोकळा झालास आणि तो वाटेतच पकडला गेला तर ८० चं प्रॉडक्शन आणि एक माणूस दोन्ही गेलं, आणि त्या दहा टर्न वरनं गेल्या. सेटलर एकटा पाठवायचाच नाही, सोबत वॉरियर नाहीतर स्लिंगर पाहिजेच.

बार्बेरियन कसे चालतात ते समजून घे म्हणजे त्रास निम्मा होतो. त्यांचा कॅम्प असतो, त्यातनं एक स्काउट निघतो, तो फिरत फिरत तुझं शहर बघतो. शहर बघितलं की त्याच्या डोक्यावर लाल उद्गारचिन्ह येतं. आता तो परत कॅम्पकडं पळणार, आणि कॅम्पला पोचला की तिथनं टोळी निघते. म्हणजे खरी लढाई टोळीशी नाहीच, त्या एका स्काउटशी आहे. तो परत पोचायच्या आधी मारलास तर टोळी येतच नाही. म्हणून मी पहिला वॉरियर लांब फिरायला पाठवत नाही, राजधानीपासनं तीन-चार टाइलच्या आतच गोल फिरवतो, आणि लांबचं बघायला वेगळा स्काउट काढतो. शहराच्या आसपास जिथं धुकं आहे तिथंच कॅम्प उगवतात, आपला माणूस जिथं बघत असतो तिथं उगवत नाहीत, म्हणून एखादा युनिट उंच हिलवर नुसता उभा करून ठेवला तरी तेवढा भाग सुरक्षित राहतो.

स्लिंगरनं एक तरी युनिट मार. त्यानं आर्चरीचा युरेका मिळतो आणि बेस गेममध्ये युरेका म्हणजे त्या टेकचं (तंत्रज्ञानाचं) निम्मं काम फुकट. तीन बार्बेरियन मारले की ब्रॉन्झ वर्किंगचा युरेका, कॅम्प उडवला तर मिलिटरी ट्रॅडिशनचं इन्स्पिरेशन (सिव्हिकचा, म्हणजे समाज-कारभाराच्या शोधाचा, युरेकाच) आणि वर रोख सोनं. म्हणजे सैन्यावर घातलेलं प्रॉडक्शन वाया जात नाही, दुसऱ्या वाटेनं परत येतं. पॉलिसीत (राज्यकारभाराच्या कार्डांत) डिसिप्लिन लावली तर बार्बेरियनविरुद्ध ५ ताकद जास्त मिळते, सुरुवातीची मिलिटरी जागा तशी रिकामीच असते, तिथं तीच लाव.

अनगोळ_नाका

सगळ्यांचे आभार, एवढं मनापासनं लिहिलं कुणी आजवर. उद्गारचिन्हाचं तर माहीतच नव्हतं, मी बघायचो पण ते कशासाठी येतं कळायचं नाही.

आता नवीन गेम चालू केलोय, काकांच्या ऑर्डरनं. स्काउट आणि स्लिंगर निघाले, आता टर्न २६ आहे. राजधानी नदीकाठी सपाट जमिनीवर आहे, लोकसंख्या ३. सेटलर लावला तर २० टर्न दाखवतंय! ऑर्डर तीच केली तरी २० टर्नच का? शेजारच्या टाइल सांगतो: भाताच्या दोन, गवतावरचं जंगल, एक गवताळ हिल त्यावर जंगल, एक प्लेन्स हिल त्यावर पण जंगल, एक दगडाची. प्रॉडक्शन ४ दाखवतंय, फूड जास्तीचं ४. खजिन्यात सोनं २३० आहे. पॉलिसी गॉड किंग. ह्यातनं काय होतं सांगा.

मलप्रभाकाठ

भाऊ, मी खानापूरची, पीयूसीपासनं सिव्ह खेळतेय, फाईव्ह पण आणि सिक्स पण. तुझ्या टाइल वाचल्या आणि लगेच कळलं कुठं अडलंय. ऑर्डर बरोबर आहे, माणसं चुकीच्या जागी कामाला आहेत.

शहर वाढलं की नवीन माणूस कुठल्या टाइलवर बसवायचा ते गेम स्वतः ठरवतो, आणि त्याचा ओढा बऱ्याच वेळा फूडकडं असतो. तुझी तीन माणसं आत्ता कुठं आहेत ते मी सांगते: दोन भाताच्या दोन टाइलवर, एक गवतावरच्या जंगलात. भाताच्या दोन्ही टाइल ३-३ फूड, ते जंगल २ फूड १ प्रॉडक्शन. शहराच्या मधल्या टाइलचं २ फूड १ प्रॉडक्शन, आणि पॅलेसचे २ प्रॉडक्शन. बेरीज कर, फूड १०, तीन माणसं ६ खातात, उरलं ४. प्रॉडक्शन १ आणि २ आणि १, झालं ४. जुळलं ना तुझ्या आकड्याशी?

आता शहरावर क्लिक कर, मॅनेज सिटिझन्सचं बटण आहे ते दाब, नकाशावर टाइलवर माणसांची चिन्हं दिसतील. एका भातावरचा राहू दे. दुसऱ्या भातावरचा उचल आणि गवताळ हिलच्या जंगलावर टाक, ती २ फूड २ प्रॉडक्शन. सपाट जंगलातला उचल आणि प्लेन्स हिलच्या जंगलावर टाक, ती १ फूड ३ प्रॉडक्शन. क्लिक केलेल्या टाइलवर कुलूप दिसेल, म्हणजे गेम परत हलवणार नाही. आता बेरीज: फूड २, ३, २, १ असे ८, खाऊन उरले २. प्रॉडक्शन १, २, २, ३ असं ८. चारचं आठ झालं, आणि ह्यात तू एक रुपया पण घातला नाहीस, एक बिल्डिंग पण बांधली नाहीस. सेटलर २० टर्नवरनं १० वर.

आणि वाढ मंदावली म्हणून काळजी करू नको. ३ वरनं ४ व्हायला ३३ फूड लागतं, आणि सेटलर निघाला की एक माणूस जाणारच आहे. म्हणून मी सेटलर चालू असताना प्रॉडक्शनवर बसवते आणि सेटलर निघाला की परत एकदा फूडवर आणून लोकसंख्या भरून घेते. हे दर चार-पाच टर्ननी बघायची सवय लाव, प्रत्येक वेळी शहर वाढलं की बघच. सुरुवातीला एकच शहर असतं, तेवढा वेळ जातो पण त्यातनं जे मिळतं ते दुसऱ्या कशातनं मिळत नाही. माझ्या मते तरी सुरुवातीच्या गेममध्ये ह्याच्यापेक्षा मोठी गोष्ट नाही, बिल्ड ऑर्डर पण ह्याच्यानंतर.

पॉलिसी: गॉड किंग काढ. त्यानं राजधानीला एक सोनं एक फेथ मिळतं. त्याच जागी अर्बन प्लॅनिंग लाव, सगळ्या शहरांना एक-एक प्रॉडक्शन. आठचं नऊ होईल, आणि दुसरं शहर वसलं की त्याला पण पहिल्या दिवसापासनं एक मिळेल, लहान शहराला तर तो फार मोठा आधार असतो. सिव्हिक पूर्ण झाला की त्या टर्नला पॉलिसी बदलायला पैसे लागत नाहीत, तेव्हा बदल. पुढं अर्ली एम्पायर आलं की कॉलनायझेशन मिळते, सेटलरला ५० टक्के जास्त प्रॉडक्शन, मग अर्बन प्लॅनिंग काढून ती लावायची आणि सेटलर एकामागोमाग काढायचे. अर्ली एम्पायरचं इन्स्पिरेशन म्हणजे सगळ्या शहरांची मिळून लोकसंख्या ६, ते दुसऱ्या शहरानं आपोआप होतं.

आणि २३० सोनं पडून का आहे? बिल्डर ५० प्रॉडक्शनचा, सोन्यानं चौपट म्हणजे २०० ला मिळतो. विकत घे आत्ताच्या आत्ता! राजधानी सेटलर काढत राहील आणि बिल्डर सोन्यातनं येईल. त्याला एका भातावर शेत, दगडावर क्वारी (दगडखाण), दुसऱ्या भातावर शेत. धान्याच्या टाइलवर शेत केलं की इरिगेशनचा युरेका, क्वारी केली की मेसनरीचा युरेका, आणि तीन टाइल सुधारल्या की क्राफ्ट्समनशिपचं इन्स्पिरेशन. एका बिल्डरमध्ये तीन गोष्टी. इरिगेशन तर तुला पाहिजेच आहे, इंडियाची स्टेपवेल, म्हणजे आपली पायऱ्यांची विहीर, इरिगेशननंच उघडते आणि ती फूड आणि हाऊसिंग दोन्ही देते. ग्रॅनरीचं काम तिथंच अर्धं होतं.

तुझ्या रूम पार्टनरचं पण ऐकलं मी, तो त्याच्या गेमसाठी खोटं नाही सांगत. अनसिव्हचे नियम सिव्ह फाईव्हसारखे आहेत. तिथं सेटलर चालू असताना शहराची वाढ थांबते आणि हॅपिनेस सगळ्या राज्याची एकच असते, दर शहरामागं ३ आणि दर माणसामागं १ अशी नाराजी वाढते, त्यामुळं तिथं भराभर शहरं वसवली की सगळं राज्य रुसून बसतं. सिक्समध्ये तसं नाही. अ‍ॅमेनिटी (म्हणजे लोकांच्या सुखसोयी) शहरागणिक मोजतात आणि एक लक्झरी (ऐषआरामाचा माल) चार शहरांना पुरते. म्हणून इथं पसरायला मोकळीक आहे, तिथं हात आखडता घ्यावा लागतो.

अनगोळ_नाका

ताई, आत्ता करून बघितलो. ८ झालं!! २० चं १० झालं डोळ्यासमोर. गॉड किंग अजून आहे, सिव्हिक पूर्ण व्हायला तीन टर्न आहेत, मग बदलतो. बिल्डर पण घेतला.

आमच्या दोघांत ह्यावरनं रोज वाद, आणि दोघं वेगवेगळ्या गेमवर बोलूलालो हे आज कळलं.

चिकोडी_टू_पुणे

सोन्याचं ताईंनी सांगितलंच, त्यात भर घालतो. एकाच प्रकारची लक्झरी दोन ठिकाणी सुधारलीस तर दुसरीचा तुला काही उपयोग नाही, अ‍ॅमेनिटी एकदाच मिळते. ती दुसरी शेजाऱ्याला वीक. ट्राजनशी ओळख झाली की डीलमध्ये जाऊन बघ किती देतो. रोख मिळत असेल तर रोख घे, त्यातनं पुढचा बिल्डर, नाहीतर बाकीचं साठवून सेटलरच. पहिला सेटलर सोन्यानं ३२० पडतो, पुढचे महाग होत जातात, पण दूरच्या जागेला दुसऱ्या शहरातनं विकत घेतला तर चालण्यातल्या पाच-सहा टर्न वाचतात आणि वाटेत बार्बेरियनचा धोका पण कमी. पण लोकसंख्येचा नियम तिथं पण आहे हां, विकत घेतला तरी माणूस एक जातोच.

फॉरेन ट्रेड आलं की एक ट्रेड रूट मिळतो. ट्रेडर ४० चा. सगळे सोन्यासाठी बाहेर पाठवतात, मी पहिला ट्रेडर नव्या शहरातनं राजधानीकडं लावतो. नव्या शहराला त्यानं फूड आणि प्रॉडक्शन मिळतं, आणि रस्ता फुकट तयार होतो. १ प्रॉडक्शनवर चाललेलं नवं शहर त्यामुळं उभं राहतं.

शहापूर_लूम

डिस्ट्रिक्टचं कोणी बोललं नाही. डिस्ट्रिक्टची किंमत तुझं टेक आणि सिव्हिक जसं पुढं जाईल तशी वाढत जाते, पण एकदा जागेवर ठेवलास की त्या दिवशीची किंमत पक्की होते. म्हणून टेक आलं की कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट) जागेवर ठेवून दे, एक टर्न काम चालव, आणि परत सेटलरवर जा. नंतर सवडीनं जुन्या भावात पूर्ण कर. पहिला डिस्ट्रिक्ट लोकसंख्या १ ला चालतो, दुसरा ४ ला, तिसरा ७ ला, तेवढं बघून.

निपाणी_हेक्स

लूम हे फार मोलाचं सांगितलंस. फक्त ठेवताना जागा विचार करून ठेवायची, नंतर हलवता येत नाही. डोंगराला चिकटून कॅम्पस, नदीला चिकटून कमर्शियल हब (व्यापाराचा डिस्ट्रिक्ट), एवढं धरलं तरी पुरे.

आणि खानापूरच्या मुलीनं टाइलचा हिशोब जसा मांडला तसा मी कुठं वाचला नव्हता. नव्या लोकांनी आधी तोच वाचावा, माझी ऑर्डर मागनं.

अनगोळ_नाका

परत आलो. टर्न ४४, तीन शहरं झालेत, चौथा सेटलर निघतोय. ट्राजनची पण तीनच आहेत!

शेवटचा प्रश्न. ब्रॉन्झ वर्किंग झालं आणि लोखंड दिसलं, पण ते लांब वाळवंटात आहे, पाणी नाही काही नाही. दुसरीकडं नदीकाठी एक चांगली जागा आहे, हिल आहेत, जवळ मेंढ्या आहेत. ट्राजन आता तोंड वाकडं करायलाय, सैन्य लागेल असं वाटतंय. चौथं शहर लोखंडाला वसवू का नदीकाठी?

मलप्रभाकाठ

नदीकाठी, डोळे झाकून. बेस गेममध्ये स्वॉर्ड्समनला लोखंडाच्या दोन खाणी लागतात, नाहीतर एन्कॅम्पमेंट (सैन्याच्या छावणीचा डिस्ट्रिक्ट) असलेल्या शहरात एक. तुझ्याकडं एकच दिसलंय, म्हणजे ते शहर वसवून, खाण काढून, वर एन्कॅम्पमेंट बांधून मग कुठं तलवारवाला येणार. पाणी नसलेल्या २ हाऊसिंगच्या शहरात एवढं सगळं करायला किती टर्न लागतील बघ.

आणि तू इंडिया आहेस हे विसरू नको. वारू, म्हणजे हत्ती, हॉर्सबॅक रायडिंगनं येतो आणि त्याला लोखंड नको की घोडे नकोत, कुठलाच रिसोर्स लागत नाही. ४० ताकद, आणि शेजारच्या टाइलवरच्या शत्रूची ताकद ५ नं कमी करतो. हॉर्सबॅक रायडिंगचा युरेका म्हणजे एक पाश्चर (कुरण), आणि मेंढ्या तुझ्या त्या नदीकाठच्या जागेलाच आहेत. तिथं वसव, पहिल्या बिल्डरनं मेंढ्यांवर पाश्चर कर. एक हत्ती १२० चा आहे तर तेवढ्यासाठी राजधानीतली माणसं परत एकदा हिलवर नेऊन बसव, आणि तोवर आर्चर शहरात ठेव. ट्राजनची सीमा ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या शहरात दोन.